चारचा गजर

“काकू, शेवटचं विचारते... बाबांच्या फोनचं कुलूप उघडायचा आकडा तुम्हाला खरंच माहीत नाही?”

सावत्र लेकीच्या या प्रश्नावर तिने शिवणयंत्राच्या चाकावरचा हात उचलला नाही. पुढ्यात इस्पितळाच्या चादरींचा ढीग होता. फाटक्या कडा दुमडून शिवायचं हे काम ती वर्षानुवर्षं डोळे मिटूनही करू शकली असती, पण आज सुई एकाच जागी अडून बसली होती. “नाही गं,” ती म्हणाली, आणि इतकं धादांत खोटं बोलताना आपला आवाज जराही हलला नाही याचं तिचं तिलाच नवल वाटलं!

आकडा तिला तोंडपाठ होता. तो तिनेच ठरवून दिला होता. पाणीपुरवठ्याच्या पंपघरात काम करणाऱ्या तिच्या नवऱ्याला यंत्रांचे शेकडो आकडे लक्षात राहत, स्वतःच्या फोनचा मात्र राहत नसे. तेरा दिवसांपूर्वी तो पंपघरातच कोसळला आणि गेला; तेव्हापासून फोनही बंद पडला होता. फोन कचेरीचा होता; उद्या सोमवारी तो तिथे परत करायचा, आतलं सगळं पुसून, असं पत्रच आलं होतं.

पुसलं जावं, हेच तर तिला हवं होतं! कारण त्या फोनमध्ये दोघांचे निरोप होते. ‘पोरीला वसतिगृहातून घरी आणा हो...’ असे तिचे, वर्षावर्षांचे; आणि त्यावर त्याचं ठरलेलं उत्तर, ‘नको. तिचं तोंड पाहिलं की तिची आई डोळ्यांपुढे उभी राहते. मला सोसत नाही.’ चौदाव्या वर्षी घराबाहेर गेलेली ती मुलगी आता बावीस वर्षांची झाली होती, चष्म्याच्या कारखान्यात काचा घासत होती, आणि अजून एकच समजून चालली होती... सावत्र आईने आपल्याला घालवलं, आणि बिचारे बाबा तिच्या नकळत दर रविवारी चार वाजता, न चुकता, फोन करत राहिले! हा समज खोडायला एक वाक्य पुरलं असतं. ते वाक्य या बाईने आठ वर्षं गिळलं होतं. पोरीची आई तर गेलेलीच; निदान बाप तरी तिला पुरता मिळू दे...

बदल्यात तिच्या वाट्याला ‘काकू’ आली होती. ‘आई’ ही एक हाक ऐकायला तिचे कान किती आसुसलेत, हे सांगायला तिच्याकडे शिवणयंत्राशिवाय कुणी नव्हतं, आणि ते पडलं आपल्याच खडखडाटात दंग.

“माझा वाढदिवस नाही, आईचा नाही, तुमच्या लग्नाची तारीखही नाही,” मुलगी कडवट हसली. “अजून एकदा चुकलं की आपोआपच पुसला जाईल. त्यापेक्षा मीच पुसते. पण काकू, मला परत आणायची बाबांची इच्छा होती, एवढं एकदा त्यांच्या शब्दांत वाचायचं होतं हो... तेसुद्धा माझ्या नशिबात नाही!”

 सांगून टाकावं? मोकळं व्हावं? छे!

“पुसून टाक, बाळा,” ती म्हणाली.

फोन पुसायला मुलीने त्याच्या कडेची दोन्ही बटणं दाबायला बोटं नेली, आणि तेवढ्यात फोन वाजू लागला.

 गजर! रविवार होता, घड्याळात चार वाजले होते, आणि आज पुसायचा म्हणून मुलीने सकाळीच फोन चार्जिंगला लावला होता. हे कसं विसरले मी? फोनला कुलूप असलं तरी गजर थोडाच थांबतो, आणि गजराबरोबर लिहिलेली ओळही काचेवर उमटतेच. ती धडपडत उठली, चादर पायांत अडकली... तोवर मुलीने वाचलं होतं.

‘अहो, चार वाजले. पोरीला फोन लावा. थंडी पडलीय, निळा स्वेटर बाहेर काढलास का विचारा. तो तुम्हीच आणलाय, लक्षात ठेवा. माझं नाव नको.’

गजर वाजत राहिला. दोघींपैकी कुणीच तो बंद केला नाही.

“हे तुम्ही लिहिलंय,” मुलगी हळूच म्हणाली. “दर रविवारी?”

“कामाच्या रगाड्यात त्यांच्या लक्षात राहायचं नाही गं...”

“म्हणजे आकडा तुम्हाला माहीत आहे.” तिने मान वर केली. “काकू, मला घरी आणायचं नाही, असं कोण म्हणालं होतं?”

तिने तोंड फिरवलं. “बाबांना वाईट म्हणू नकोस. जीव होता त्यांचा तुझ्यावर... धीर नव्हता.”

मुलगी त्या चादरींच्या ढिगावरच बसली आणि ओक्साबोक्शी रडू लागली. “आठ वर्षं मी तुमच्याशी धड बोलले नाही! आणि तुम्ही ऐकून घेतलंत?”

“बापाचा फोन आला की तू आठवडाभर खुशीत असायचीस, वसतिगृहाच्या बाई सांगायच्या. मला तेवढं पुरायचं.” पुरत नव्हतं, पण ते ती कशाला सांगते! डोळे पुसून ती म्हणाली, “आकडा सांगते. आता मोठी झालीस, वाचायचं तर वाच.”

मुलीने फोन हातात घेतला. मग मानेनेच नको म्हटलं आणि बटणं दाबली. सगळं पुसायचं का, असं फोनने विचारलं, तिने होय म्हटलं.

सोमवारी फोन कचेरीत गेला आणि मुलगी आपल्या कामाच्या गावी. दारात ती नुसतं “येते” म्हणाली... ना काकू, ना आणखी काही.

पुढच्या रविवारी चारला शिवणयंत्र सवयीने थांबलं. आता कुणाला आठवण करायची होती? चार वाजून गेले. दोन मिनिटं, तीन, चार... वेडी आहेस झालं, असं स्वतःलाच म्हणत तिने चादर पुढे ओढली, आणि तिचा फोन वाजला.

 पलीकडून मुलगी म्हणाली, “नंबर काढून बसले होते, धीरच होईना. बाबांचीच लेक ना...! आई, त्या निळ्या स्वेटरची बाही उसवलीय. तू नीट करून देशील?”

 यंत्राच्या कडेला घट्ट धरून ती कशीबशी म्हणाली, “घेऊन ये.” आणि मग, आठ वर्षं दुसऱ्याकरवी मागत आलेली गोष्ट तिने पहिल्यांदाच स्वतःच्या तोंडाने मागितली, “घरी ये, बाळा.”