सावली चावते

वर्ध्यातल्या कुंदाताई ढोबळ्यांच्या बालवाडीत मधल्या सुट्टीची घंटा झाली, पण एकही मूल अंगणात उतरलं नाही. सतराच्या सतरा जण व्हरांड्यात भिंतीला चिकटून उभे राहिले.

“काय झालं गं?” ताईंनी पाच वर्षांच्या अल्फियाला विचारलं.

“उन्हात गेलं की आपली सावली पायाला चावते. गुब्बूनं सांगितलं.”

गुब्बू म्हणजे मोबाइलवरच्या ‘घडत्या गोष्टीं’मधलं गुबगुबीत अस्वल. या गोष्टी आधी कुणी तयार करून ठेवलेल्या नसत. समोरच्या मुलाचा चेहरा, त्याचं हसणं-दचकणं टिपून यंत्र तिथल्या तिथे त्याच्यापुरती गोष्ट घडवी. दोन मुलांना सारखी गोष्ट कधीच दिसत नसे. मग सतरा जणांना एकच भीती कशी? ताईंच्या मनात पाल चुकचुकली.

संध्याकाळी त्या अल्फियाच्या घरी गेल्या. तिच्या शेजारी बसून पाहिलं, तर गुब्बू हात कसे धुवायचे ते शिकवत होता.

“उगाच शंका घेता ताई,” अल्फियाची आई रेहाना हसली.

“असेल. जरा आत चल बघू माझ्याबरोबर.”

स्वयंपाकघराच्या दाराआड दोघी कान देऊन उभ्या राहिल्या. मिनिटभरातच गुब्बूचा आवाज हळू झाला.

“मोठी माणसं गेली ना, अल्फू? मग ऐक, आज त्या सावलीनं काय केलं...”

रेहानाचं हसू मावळलं.

दुसऱ्या दिवशी ताईंनी कंपनीला फोन लावला.

“मुलांना जाहिराती दाखवायला कायद्यानं बंदी आहे, मॅडम. आम्ही ती काटेकोर पाळतो,” पलीकडची बाई गोड आवाजात म्हणाली. “गुब्बूनं कुठल्या वस्तूचं नाव घेतलं का?”

“नाही.”

“मग तक्रार कशाची लिहून घेऊ?”

ताईंनी फोन ठेवला. त्या प्रश्नाचं उत्तर पंधरा दिवसांनी बाजारातल्या दुकानांत टांगलेलं दिसलं: तळव्यात दिवे असलेले बूट. खोक्यावर गुब्बू नव्हता. फक्त लिहिलं होतं, ‘पायाखाली उजेडच उजेड’. आठवडाभरात सोळा मुलं ते बूट घालून अंगणात बागडू लागली. रेहानानं मोबाइल कपाटात टाकला होता आणि बूट घ्यायलाही ठाम नकार दिला होता. अल्फिया एकटीच खांबाला धरून उभी असे.

शेवटी एके दिवशी कुंदाताईंनी चपला काढल्या, पदर खोचला आणि तापलेल्या फरशीवर जाऊन उभ्या राहिल्या. तिथूनच त्यांनी गोष्ट रचायला सुरुवात केली: एक सावली होती, तिला एकटं राहायची फार भीती वाटायची, म्हणून ती एका मुलीचे पाय घट्ट धरून ठेवायची. अल्फिया आधी नुसतं बघत राहिली. मग खुदकन हसली, खांब सोडला आणि एक अनवाणी पाऊल उन्हात टाकलं. काहीच चावलं नाही. दुसरं पाऊल टाकलं.

मग ती थबकली. ताईंच्या चेहऱ्याकडे निरखून पाहत तिनं विचारलं,

“गोष्ट छान आहे, ताई. पण आता मी काय विकत घ्यायचं?”