दोर आणि रामराम

यवतमाळ जिल्ह्याला सागरकिनारा लाभलेला आहे. तो आर्णीजवळच्या धरणामागे असून गव्हाला शेवटचं पाणी सोडलं की त्यातला सागर निम्मा होतो.

थंडी सरताना पाणी असं उतरलं, की तिथला काळा कडा पायथ्यापर्यंत उघडा पडतो. रंजिता रत्नागिरीला बी.एड. करताना समुद्राच्या कड्यांवर चढायला शिकली होती. आर्णीच्या शाळेत लागल्यापासून ती हौस ती इथेच भागवायची.

मागच्या वर्षी मात्र ती पडली. खाली दोर धरून होता कपिल, बसस्टँडजवळ मोबाइल दुरुस्त करणारा, अख्ख्या गावात नम्र म्हणून नावाजलेला. ती अर्ध्यावर असताना तिचे वडील बापूजी शेताच्या वाटेने आले, ‘रामराम’ म्हणाले, आणि कपिलने दोर सोडून दोन्ही हात जोडले. रंजिताचं मनगट दोन ठिकाणी मोडलं.

आज ती नुसता कडा पाहायला आली होती. तर पायथ्याशी हा उभा... खांद्यावर दोर.

“तू इथं काहून?”

“पंधरा दिवसांपासून येऊन राह्यलो. म्हटलं, पाणी उतरलं की येशीन तू. मनगट कसं आहे?”

“थंडीत दुखते.”

“मले बी दुखते.”

“तुले काय झालं?”

“मनगटाले काही नाही झालं—” म्हणत त्याने मान खाली घातली.

रंजिताने बराच वेळ त्याच्या हातांकडे पाहिलं. मग त्याच्या खांद्यावरच्या दोराचं एक टोक कंबरेला आवळून बांधलं.

“धर दोर. आता सोडला तर तोंड नाही पाहणार तुझं.”

उन्हाने दगड कोमट झाला होता. भेगांत मात्र अजून माघातला गारवा होता. पाण्यावरून वारा आला, ओढणी फडफडली, बोटं जुनी खाच शोधत वर सरकली. आणि नेमकी तेव्हाच खाली चप्पल वाजली.

“रामराम, कपिल!”

बापूजी. रंजिता दगडाला चिकटली. वाकून पाहिलं. कपिलची बोटं थरथरली, जुळायला निघाल्यासारखी... आणि दोरावरच आवळली.

“अरे, रामराम म्हणून राह्यलो मी!”

कपिलने मान खांद्यांत ओढून घेतली. तोंडाने रामराम म्हटलं की हात आपोआप जुळतात, म्हणून त्याने तोंडही मिटून ठेवलं होतं.

“माजला पोट्टा!” म्हणत बापूजी निघून गेले.

रंजिता माथ्यावर पोचली. छाती धडधडत होती. चढणीने एवढी धडधडत नसते.

“कपिल...”

“हां?”

“सोडू नको.”

“पोचली ना तू वर?”

“खाली आल्यावर बी सोडू नको, म्हणते मी.”



“म्हणजे... तुले?”

“नाही, दोराले! येड्या!”

त्या संध्याकाळी रंजिताने कपिलशी लग्नाचं काढताच बापूजींनी घरात जाहीर केलं, “ज्याले रामराम घेता येत नाही, त्याच्या घरी पोरगी देत नसतो मी.” रंजिताने दोर, हात, मनगट, सगळं समजावून सांगितलं. बापूजींचं म्हणणं, एका हाताने तरी करायचा होता.

त्यांचा होकार आला आठ महिन्यांनी, तलाठ्यांच्या निवड यादीत कपिलचं नाव लागलं त्या दिवशी.