तीन वाजताचं आकाश

वेधशाळेच्या गच्चीवर बसून दर तासाला आकाशाचं चित्र काढायचं, खाली वाऱ्याची दिशा लिहायची, हे तिचं बारा वर्षांचं काम. दिसेल तेवढंच काढायचं, हा एकच नियम.

त्या दिवशी दोन वाजता तिने पिंजलेल्या कापसासारखे ढग रंगवले. तिचा थोरला भाऊ सकाळीच तिघा खलाशांना घेऊन दीपगृहावर सामान पोहोचवायला गेला होता. आईवडिलांमागे त्यानेच तिला लहानाची मोठी केली. निघताना नेहमीसारखी थट्टा केली होती, की काळ्या रंगाला आज सुट्टी दे.

तीनच्या सुमारास पश्चिमेला शाईसारखी रेघ उमटली. बघता बघता ती फुगली, पाण्यावर लोंबू लागली. गच्चीवर पान हलेना. ओल्या लोखंडासारखा वास सुटला. तिने दुर्बीण लावली. ढगाच्या पोटाखाली भावाची होडी होती... उलटी.

तिने बंदरावर फोन केला. अशा हवेत दुसरी होडी घालता येणार नाही, असं तिथून सांगितलं. मग तिने मोठ्या साहेबांना फोन लावला. होडी उलटल्याचं सांगितलं.

“तीनचं चित्र काढलंस?” त्यांनी हळूच विचारलं.

“अजून नाही...”



“दिसतंय तेच काढ, बाई. माझ्या आधीच्या माणसाने एकदा खोटं आकाश काढलं होतं. बायकोसाठी.”

“वाचली ती?”

“आली परत. पण तिला घरात घ्यायचं त्याला धाडस झालं नाही.”

तिने फोन ठेवला. कागदावर निळा रंग ओतला. घाईत पाण्याचा पेला कलंडला. ती थुंकीने रंग कालवत राहिली. कोपऱ्यात पांढरं उरलं की पुन्हा तिथे कुंचला फिरवायची. ट्यूब संपली तेव्हा ती फाडून आतला रंग बोटांनी खरवडला. दादा, दादा, एवढंच पुटपुटत होती. मान वर केली तेव्हा वर नखभरही ढग नव्हता.

पाच वाजता होडी धक्क्याला लागली. चौघेही उतरले. कुणाच्या अंगावर पाण्याचा थेंब नाही. ती धावत जाऊन भावाच्या गळ्यात पडली, हुंदके देऊन रडली. त्याने तिच्या डोक्यावर हात ठेवला. मग पायरीवर बसला, अगदी दमल्यासारखा.

“धाकटे, तुझ्याकडे नोंद असेल,” तो म्हणाला. “आम्ही बुडालो तेव्हा किती वाजले होते गं?”

मागे तिघे खलाशी उभे होते. तेही तिच्याकडेच बघत होते, उत्तराची वाट पाहत.