एझराआजोबांचा खेकडा

"माझा चेंडू? नवाकोरा? मुळीच नाही!" अयान फुरंगटला.

"कंजूस कुठला! यायर परवा कायमचा इस्रायलला चाललाय, त्याच्यासाठी एक चेंडू चिखलात टाकणार नाहीस?" त्याची बहीण हिबा खेकसली.

करंजाड्याला एका नव्या इमारतीचा पाया खोदताना निघालेल्या काळ्या चिखलात सकाळीच तिघांना वाटोळे गोटे दिसले होते, आणि एका फुटक्या गोट्यात चक्क खेकड्याची नांगी! हात लावायच्या आत कंत्राटदार कृष्णकांतकाकांनी हुसकावलं. "चला, पळा! उद्या हे सगळं भरावात जाणार!"

यायरचे एझराआजोबा जन्मभर सांगत आले, "खाडीच्या चिखलात दगडी खेकडे आहेत. मेल्या मेल्या गाडला गेला, हवा लागली नाही, की खेकडा सहज कुजत नाही. चिखलातले क्षार त्याच्यात मुरतात आणि हजारो वर्षांनी त्याचा दगड होतो." सगळे हसायचे. मार्चमध्ये आजोबा गेले, एकही खेकडा न बघता. इस्रायलला जाण्याआधी त्यांच्या कबरीवर ज्यू रिवाजाप्रमाणे दगड ठेवायचा, तर तो हाच, असं यायरने मनाशी धरलं होतं.

"मग एझराआजोबांचाही दगड होणार का..." अयान बोलून गेला. हिबाने त्याला चिमटा काढला. यायरच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. ते पाहून अयानने मुकाट्याने चेंडू काढला.

धप्प! चेंडू थेट चिखलाच्या ढिगात!

"काका, चेंडू गेला!"

"घ्या आणि फुटा!" मोबाइलवरची नजर न हलवता काका ओरडले.

यायरने चेंडू तिथेच सोडला आणि त्याच्याऐवजी तो नांगीवाला गोटा टोपीत लपवून आणला.

"सापडला का रे?"

"सापडला, काका!"

घरी पप्पांनी हातोडीने हलकेच ठोकलं. गोटा दुभंगला. एका भागात अख्खा खेकडा, दुसऱ्यात त्याचा ठसा! पप्पा ठशावरून बोट फिरवत म्हणाले, "बाबा खरंच सांगत होते रे."

दुसऱ्या दिवशी पप्पांनी बोलावलेल्या कॉलेजच्या मॅडम आल्या आणि त्यांच्या सांगण्यावरून भराव थांबला. "शाब्बास पोरांनो!" सगळे म्हणाले. ओशाळलेल्या कृष्णकांतकाकांनी चेंडू धुऊन परत दिला. खेकडा कॉलेजात ठेवायचं ठरलं. यायरला काहीच गोड लागेना. ज्यांनी शाब्बास म्हणायला हवं होतं, ते आजोबाच नव्हते.

संध्याकाळी त्याने उरलेला, ठशाचा अर्धा गोटा आजोबांच्या कबरीवर ठेवला.

"यात खेकडा कुठंय?" अयान कुजबुजला.

"नाहीये. पण तो कसा होता ते कळतं ना," यायर म्हणाला आणि ढसाढसा रडला. "आता इथे दगड ठेवायला कोण येणार गं?"

"आम्ही येऊ की, वेड्या!" हिबा डोळे पुसत म्हणाली.

अयानने चेंडू खिशात कोंबला आणि वाकून एक बरासा खडा शोधू लागला.