दिवसा सांगितलेली गोष्ट

एकतीस वर्षं मी एका साप्ताहिकात विनोदी सदर लिहिलं. म्हणजे एकतीस वर्षं दर आठवड्याला खोटं बोललो आणि त्याचं मानधन घेतलं.

त्यामुळे "ही घटना खरी आहे" असं मी म्हटलं की खामगावातली माणसं आधीच हसायला लागतात.

हसा. मीही हसलो असतो.

मागच्या वर्षीच्या मे महिन्यातला दुसरा शनिवार. दुपारचे बारा वाजून दहा मिनिटं. सोनाळ्याच्या बाहेर, माझा शाळेतला मित्र उकंडराव याची संत्र्याची बाग आणि त्या बागेतली एक खोली.

निवृत्तीनंतर मी कादंबरी लिहायला घेतली होती. आता नवी सुरुवात, गंभीर लेखन वगैरे. बायको म्हणाली, "घरात गंभीर होऊ नका, बाहेर जाऊन व्हा." म्हणून सोनाळा.

हात थरथरतो म्हणून पेन धरवत नाही. नातीनं, हिमानीनं, फोनमध्ये एक सोय करून दिली होती. आपण बोलायचं, फोन लिहितो.

तीन दिवसांत एकच वाक्य झालं होतं.

'एक माणूस भर दुपारी घरून निघाला.'

पुढे काही सुचेना. सदराचं बरं असतं. जागा संपली की लेख संपतो. शेवट करायची सवय मला कधी लागलीच नाही.

बागेची राखण करणारी तानाबाई पहिल्याच दिवशी म्हणाली होती, "भाऊ, दिवसा गोष्ट नोका सांगू. मामा वाट चुकते."

लहानपणी हे आम्ही सगळ्यांनीच ऐकलेलं. मी म्हटलं, "माहा मामा जलमाचाच चुकलेला हाय, बाई."

"अन् हुंकार द्याले बी कोणी नाही तुमच्यापाशी. हुंकाराबिगर गोष्ट सांगू नये. मंग दुसरंच कोणी देते."

हे मात्र मी नव्यानं ऐकलं. चांगलं वाक्य आहे, कादंबरीत घालू, एवढंच मनात आलं.

त्या शनिवारी गोकुळमामा मला भेटायला येणार होता. वरवट बकालहून. माझ्यापेक्षा चारच वर्षांनी मोठा, त्यामुळे मामा कमी, दोस्त जास्त. डावरा माणूस. विटीदांडूत डाव्या हातानं असा टोला हाणायचा की विटी शोधायला दुसऱ्याच्या शेतात जावं लागे. जेवायचाही डाव्या हातानंच. पुष्पांजलीमामी लग्नापासून त्यावरून बोलायची.

साडेअकराला त्याचा फोन आला. "भाचेबुवा, स्कूटीवर निघालो पाहा. अर्ध्या तासात हाजर."

सरळ रस्ता. पन्नास वर्षं त्याच्या पायाखालचा.

बाराला लाईट गेली. कूलर थांबला.

आणि मला अचानक सुचायला लागलं.

असं कधी झालं नव्हतं. मी खुर्चीत बसून बोलत सुटलो. तो माणूस घरून निघतो. रस्ता ओळखीचा असतो. कडेला एक निंब लागतो. थोड्या वेळानं पुन्हा एक निंब लागतो… तसाच.

काय झालंय ते पाहावं म्हणून मी फोन डोळ्यांजवळ नेला.

'एक माणूस भर दुपारी घरून निघाला. हं. रस्ता ओळखीचा होता. हं. कडेला एक निंब लागला. हं.'

मी 'हं' म्हटलेलं नव्हतं.

फोन बिघडला, म्हटलं. सगळे 'हं' पुसले. पुन्हा बोललो. दोन वाक्यं.

पुन्हा दोन 'हं'.

बाहेर झाडांवर होले घुमत होते, ते केव्हा गप्प झाले कळलंच नाही. पान हलत नव्हतं.

तेवढ्यात फोन वाजला. बारा वाजून दहा मिनिटं. मामा.

"काय बे, तुह्या बागेचा रस्ता कोणी हलवला काय? निंबापाशी आलो होतो… फिरून निंबापाशीच आलो."

मी हसलो. "ऊन लागलं तुले. सावलीत थांब."

"सावलीच नाही न. निंब हाय, पण सावली नाही त्याची."

फोन कटला.

मी हसायचा थांबलो.

बोलणं बंद केलं. ओठ घट्ट मिटून बसलो. पडद्यावर नजर होती.

एक अक्षर उमटलं. मग दुसरं…

'मंग?'

खोलीत कोपऱ्यात एक बाज होती. रिकामी. तिच्यावर कोणी बसत नसे, कारण सुतळी ढिली झाली होती.

आता ती सुतळी मधोमध खाली ओढली गेली होती…

कोणी बसल्यासारखी.

मी उठून दाराशी आलो. कसा आलो, आठवत नाही. तानाबाई कुंपणापाशी उभी होती. हातात पाण्याची कळशी. पुढे येत नव्हती.

"कोण आलं हाय, भाऊ?"

"कोणी नाही."

"मंग हुंकार कोण देऊन राह्यलं? मले अठी कुंपणालोक आयकू येते."

मी तिला मामाचं सांगितलं. ती कळशी खाली ठेवून म्हणाली, "अर्धी नोका ठेवू आता. गोष्ट अर्धी राह्यली तं मामा अर्ध्या वाटेवर राह्यते. त्याले घरी आणा, सुफळ संपूर्ण म्हणा."

"तू ये न आत. तू हुंकार दे."

"मी काऊन देऊ? देणारा बसला हाय न तुमचा."

फोन पुन्हा वाजला.

"भाचेबुवा…" आवाज कोरडा पडला होता. "सहावा निंब. स्कूटी हातानं ढकलून राह्यलो. एक जण सोबत चालून राह्यला. मी काही बोललो का नुसता हं म्हणते. तोंड नाही दिसून राह्यलं त्याचं…"

त्याच्या मागून, अगदी फोनजवळून, ऐकू आलं.

हं…

मी आत गेलो. बाजेकडे पाठ केली. एकतीस वर्षांत जे कधी केलं नव्हतं ते मला तीन मिनिटांत करायचं होतं.

शेवट.

"मग… मग त्या माणसाला फाटक दिसलं. तो आत आला. त्यानं माठातून पाणी घेतलं. उजव्या हातानं गिलास तोंडाला लावला, घटाघटा प्यायला अन् म्हणाला, लय ऊन हाय. झालं. गोष्ट सुफळ संपूर्ण!"

काहीच नाही.

मग पडद्यावर एकच शब्द.

'हं.'

मागे बाज करकरली. सुतळी वर आली.

बाहेर होला घुमला. आणि फाटकाशी मामाची स्कूटी वाजली.

मी धावत गेलो. मिठीच मारली त्याला. अंग थंडगार होतं, मे महिन्यात. तो सरळ माठाकडे गेला. गिलास भरला. घटाघटा प्यायला.

"लय ऊन हाय."

मी रडलो हो अक्षरशः. आनंदानं. हातातला गिलास पाहायची शुद्धच नव्हती.

महिन्याभरानं मामीचा फोन आला. खुशीत होती. "तुमच्याकून आल्यापासून यायनं डावा हात सोडला पाहा! सारं उजव्या हातानं. पन्नास वर्षं मी बोंबलून थकले, तुम्ही एका दिवसात सुधरवलं."

मी खुर्चीत बसलो. फोनमधली ती गोष्ट काढली. 'उजव्या हातानं गिलास तोंडाला लावला.'

घाईत लिहिलं की चुका होतात. संपादक मला हे नेहमी सांगायचे.

डिसेंबरात वरवटला गेलो. अंगणात शेकोटी होती. मामा शाल पांघरून बसलेला. मी पाया पडलो. त्यानं भाचेबुवा म्हटलं नाही. शेकोटीकडे बघत म्हणाला,

"लय ऊन हाय."

मामी हसली. "आताशा येवढंच बोलतात. पण शांत झालेत हो."

मामाचा फोन त्या दिवशी वाटेत कुठंतरी पडला. मिळाला नाही. नंबर माझ्याकडे अजून आहे.

त्या नंबरवरून मला फोन येतो. शनिवारी. बारा वाजून दहा मिनिटांनी.

एकदाच उचलला. वारा होता. आणि मग तो आवाज, दमलेला…

"भाचेबुवा, फिरून निंब आला बे. सांग न पुढं."

तेव्हापासून मी खूप लिहितो. इतकं आयुष्यात सुचलं नव्हतं. बावीस शेवट लिहून ठेवलेत, थरथरत्या हातानं, कागदावर. सगळ्यांत माणूस डाव्या हातानं पाणी पितो.

एकही मोठ्यानं वाचलेला नाही.

कारण खरा मामा फाटकातून आत आला, तर वरवटला मामीच्या ताटासमोर बसलेला तो जाईल कुठं? आणि जाताना एकटाच जाईल का?

आज शनिवार आहे. फोन पालथा ठेवलाय. तेविसावा शेवट समोर आहे.

घड्याळ बघत नाही मी. बघायची गरज नाही…

वाजतोय.