कटनंतरचं हसू

"मेलास ना नीट? मग आता ऊठ. कॅमेऱ्याकडे बघ आणि दात दिसतील असं हस. त्याशिवाय तोंडाचा रंग पुसायचा नाही."

बावन्न वर्षांपूर्वी वडपळनीच्या एका तमिळ चित्रपट-स्टुडिओत रंगभूषाकार गोविंदण्णांनी दिलेली ही ताकीद तुळजारामरावांना त्या दिवशी सकाळी पुन्हा ऐकू आली. कारण शेजारच्या सर्गुणामामींच्या घरात ते मरत होते.

स्वतः तुळजारामराव गॅलरीत आरामखुर्चीवर कॉफीची वाट बघत बसले होते. भिंतीपलीकडून त्यांचाच आवाज येत होता. आधी खोकला, मग "माझ्या पोरीला सांभाळा", मग घशातली ती शेवटची घरघर. आपण घरघर जरा लांबवतो, हे त्यांना या वयात भिंतीतून ऐकताना कळलं.

थोड्या वेळाने मामी डोळे पुसत त्यांच्या गॅलरीत आल्या. "राव सार, काय सुंदर गेलात हो! काल रात्री सुनेसाठी लावलं होतं, आज माझ्यासाठी लावलं."

"मामी, मरायच्या आधी निदान कॉफी तरी पिऊ द्या मला."

मामी हसल्या. राव मात्र अर्धेच हसले. अर्धांगवायूच्या झटक्यानंतर त्यांचा डावा गाल हलत नसे.

तंजावरच्या मराठी घरातला हा माणूस तमिळ पडद्यावर तीनशे बारा चित्रपटांत दिसला आणि त्यातल्या एकशे एक्केचाळीस चित्रपटांत मेला. बहुतेक वेळा नायकाचा बाप म्हणून, आणि बहुतेक वेळा मध्यंतराच्या आत. कधी ट्रकखाली, कधी सुऱ्याने, कधी मुलीच्या लग्नमांडवात छातीला हात लावून. रस्त्यात माणसं त्यांना नावाने नव्हे, "अप्पा" म्हणूनच हाक मारत. गाल गेला तशी कामं थांबली. मग घडवपट आले. आपल्या भिंतीसमोर बसून सांगायचं, "बाप गरीब हवा, मुलगी शिकलेली, शेवटी खूप रडू यायला पाहिजे," की तेवढ्यात खास त्या घरासाठी चित्रपट घडून पडद्यावर सुरू होई. त्यात कामं करत ते छायानट. एखाद्या नटाचे सगळे जुने चित्रपट बघून यंत्र त्याचं चालणं, बोलणं, श्वास घेणं शिके, आणि त्या शिकण्यातून त्याची पडद्यावरची सावली तयार होई. रावांनी आनंदाने सही केली होती. मी थकलो, सावली राबू दे, असं ते म्हणाले होते.

लोकांना रडायचं असे. त्यामुळे अप्पांच्या छायानटाला सर्वांत जास्त मागणी होती.

कॉफी आली नाही म्हणून राव आत गेले. कावेरीबाई देव्हाऱ्यापुढे निरांजन ओवाळत होत्या. हात वर गेला तशा त्यांच्या बांगड्या मनगटावरून घसरत थेट कोपरापाशी जाऊन थांबल्या.

राव बघतच राहिले. या बांगड्या साबण लावल्याशिवाय हातातून निघत नसत.

"नाश्ता केलास?"

"करते की."

"काल केलेलास?"

"अहो, आरती तरी होऊ द्या."

आरती झाली. कावेरीबाईंनी निरांजन नीट खाली ठेवलं, पदर सारखा केला, आणि तेव्हा रावांच्या लक्षात आलं.

लग्नानंतर पहिल्यांदाच त्यांनी पडद्यासाठी मरण पत्करलं, तेव्हा गोविंदण्णांनी या नव्या नवरीला हसण्याची चाल सांगितली होती. मेलेल्याचं सोंग केलं की उठून हसायचं, नाहीतर ते अंगाला चिकटतं. कावेरीबाईंनी त्याच संध्याकाळी तुळजाभवानीसमोर पाणी सोडलं. ज्या दिवशी नवरा कॅमेऱ्यापुढे मरेल, त्या दिवशी त्याचा "हसलो" असा निरोप आल्याशिवाय तोंडात अन्न घालायचं नाही. एकदा पोळ्ळाचीला चित्रीकरण असताना टेलिफोनची तार तुटली, आणि कावेरीबाई दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तशाच बसून राहिल्या होत्या.

"कधीपासून चाललंय हे?"

"मामींकडे पहिल्यांदा ऐकलं तेव्हापासून. चार महिने झाले असतील. दूध-केळं घेते मी, देवीला तेवढं मागून घेतलंय."

"अगं वेडे, तो मी नाही!"

"मग लोकांना कोण रडवतंय?" त्यांचा आवाज नेहमीसारखाच हळू होता. "तोंड तुमचं, घरघर तुमची. रोज जातात नि एकदासुद्धा कुणी उठत नाही. मला कसा घास उतरेल?"

राव चिडले, विनवण्या करून बसले, डॉक्टरांना बोलावतो म्हणाले. कावेरीबाई तांदूळ निवडत राहिल्या. "शब्द मी देवीला दिलाय. तुम्ही रागावलात म्हणून तो फिरत नाही."

"बरं. मी त्याला हसवून येतो. मग जेवशील?"

कावेरीबाईंनी मान वर केली. "यंत्राने रंगवलेलं दाखवलंत तर मला कळेल हं."

छायानट बनवणाऱ्यांची इमारत गिंडीला होती. मीनलोचनी नावाची तिथली अभियंता लहानपणी अप्पांच्या मरणावर पोटभर रडलेली होती. तिने त्यांना खुर्ची दिली, मागणं ऐकलं आणि चष्मा काढून पुसत बसली.

"अय्या, त्याला हसता येणार नाही. तो शिकला तो तयार चित्रपटांवरून. कट म्हटल्यानंतरचं काही आमच्याकडे नाहीच. ते संकलनाच्या टेबलावर कापून टाकलेलं."

"म्हणजे त्याला मरायचं शिकवलंत, उठायचं नाही."

मीनलोचनीने उठून दार लावलं. "एक दाखवते. आम्ही याला दोष म्हणतो. घराघरात जाण्याआधी चाळणी लावून पुसून टाकतो."

पडद्यावर छायानट मरून पडला होता. डोळे मिटलेले, मान कललेली. तिने चित्र अगदी संथ केलं. शेवटच्या क्षणाला त्याच्या उजव्या ओठाचा कोपरा किंचित थरथरला आणि चित्र संपलं.

"प्रत्येक मरणानंतर होतं हे. आणि त्यानंतर पडदा काळा झाला तरी यंत्र थोडा वेळ काहीतरी शोधत राहतं. पुढचं चित्र मागतं. असं का, ते आम्हाला सापडलेलं नाही."

राव पुढे वाकले. ती थरथर त्यांच्या ओळखीची होती. मेलेला असतानाच कट कधी ऐकू येतोय याकडे कान लागलेले असत, ओठ आधीच तयार होत. संकलकांच्या नजरेतून ती एक-दोन निमिषं सुटून गेली होती. एकशे एक्केचाळीस वेळा.

"पोरी, हा दोष नाही. हसायला निघालाय तो."

"आणि पोचत नाही," मीनलोचनी पुटपुटली.

"काल किती वेळा मेला?"

तिने आकडा बघितला. तो सांगताना तिला जड गेलं. "एक्केचाळीस हजार."

खोलीतलं यंत्र बारीक घुमत होतं. राव उठले, दोन येरझाऱ्या घातल्या, पुन्हा बसले.

"वरचे लोक ऐकायचे नाहीत, अय्या. घरात सगळे रडताहेत आणि बाप उठून हसला तर?"

"त्यांच्यासमोर कोण हसतंय? आम्हीसुद्धा कट झाल्यावरच हसायचो. पडदा काळा झाल्यावर हसू दे त्याला. कुणाला दिसायला नको."

तिने विचार केला. दोषदुरुस्ती म्हणून तेवढं बसवता आलं असतं. "पण तुम्हाला शिकवावं लागेल. एकदा करून भागणार नाही. पूर्ण मरण, मग उठणं, मग हसू, असं शे-दोनशे वेळा. तुमच्या वयाला..."

"मरायची मला सवय आहे."

"डावा गाल मी सरळ करून देऊ का? सोपं आहे ते."

"नको. अर्धंच असू दे. ती ओळखेल."

गोल खोलीत चारी बाजूंनी कॅमेरे होते. मध्ये अंथरलेल्या चटईवर राव आडवे झाले आणि छातीला हात लावून मेले. या खेपेला त्यांनी घरघर आखूड ठेवली. कट झाल्यावर कोपर टेकून उठताना गुडघा कडकन वाजला, मीनलोचनी धावली, त्यांनी तिला हातानेच थांबवलं. मग एका कॅमेऱ्याकडे बघून, उजवीकडचे दात दिसतील असं, ते हसले.

बाहेर येऊन त्यांनी फोन लावला. "कावेरी, हसलो."

पलीकडे डब्याचं झाकण वाजलं. "भात टाकते," त्या म्हणाल्या.

परतीच्या वाटेवर मात्र त्यांना चैन पडेना. सावलीच्या वाटचं हसून आजचा फोन झाला. उद्याचा होईल. पण एक दिवस असा येणार, की चटईवरून म्हणा, बिछान्यातून म्हणा, त्यांना उठता येणार नाही. त्या दिवशी फोन कुणी करायचा? आणि ही बाई दिलेला शब्द धरून किती दिवस बसणार?

दुसऱ्या दिवशी सकाळी कावेरीबाईंनी त्यांच्या हाती धुतलेलं धोतर दिलं. "रोज जायचं?"

"त्याला जमेपर्यंत." ते थांबले. "त्याला जमलं, की मी असलो काय, नसलो काय, तो उठून हसेल. त्या दिवशी तू जेवायचंस. शब्द दे."

कावेरीबाईंनी शब्द दिला नाही. रावांच्या कपाळाला अंगारा लावला, आणि लावताना त्यांचा अंगठा त्या न हलणाऱ्या गालावर क्षणभर टेकला. "आधी शिकवून तर या," त्या म्हणाल्या. "बघेन मी, तुमचंच आहे का ते."

ती बघेल, हे रावांना ठाऊक होतं. पण एखाद्या दिवशी घरात खरोखर एक माणूस उठत नसताना, अंधारलेल्या पडद्याआड दुसरा कुणी अर्ध्या गालाने हसला, तर ते हसू तिच्या लेखी नवऱ्याचं असेल का?

त्यांनी चपला घातल्या. शेजारी मामींनी घडवपट लावला होता, भिंतीतून ओळखीचा खोकला सुरू झाला होता. राव जिन्यापाशी घटकाभर थबकले.

"थांब रे," ते भिंतीकडे बघून हळूच म्हणाले, "उठवतो तुला."

आणि कठडा धरून एकेक पायरी उतरू लागले.