डोळेवालीचं पाणी

सकाळी डोळे उघडण्याआधी तिला ते सोडवावे लागत. पापण्या आतून चिकटलेल्या असत आणि बोटाने ओढल्या की वाळू घासल्यासारखी चुरचुर व्हायची. मग उशीखालची बाटली चाचपायची, थेंब घालायचे आणि रात्री पंखा पुन्हा पूर्ण वेगाने लावल्याबद्दल नवऱ्याच्या नावाने बोटं मोडायची. एवढं झालं की तिचा दिवस सुरू व्हायचा.

गल्लीत तिला सगळे डोळेवाली म्हणत. अपघातात नाहीतर आजारात ज्यांचा डोळा गेला, त्यांना ती नकली डोळा बनवून द्यायची. लोक त्याला काचेचा डोळा म्हणत, आणि तो प्लॅस्टिकचा असतो हे ती दर वेळी वैतागून सांगे. गिऱ्हाइकाला समोर बसवायचं, त्याच्या चांगल्या डोळ्यावर नजर लावून बुबुळाचा रंग जुळवायचा, लाल रेशमाचे तंतू पसरून बारीक शिरा काढायच्या. नजर लावली की पापणी लवत नाही, आणि पापणी लवली नाही की डोळा आणखी सुकतो. दुखण्याला खतपाणी घालणारा धंदा तिने स्वतःच निवडला होता.

सल्ल्यांना मात्र तोटा नव्हता. कुणी म्हणे गाजर खा, कुणी म्हणे मोबाइल सोड. शेजारीण म्हणे, डोळ्यांचं काय एवढं घेऊन बसलीस, दिसतंय ना? दिसत होतं, तेच तर वाईट होतं. बाहेरून डोळे धडधाकट, त्यामुळे दुखणं कुणाला पटायचंच नाही. डॉक्टरांनी खालच्या पापणीत कागदाची पट्टी अडकवून पाहिली, तर ती कोरडीच बाहेर आली. हे आता जन्माचं आहे, म्हणाले.

मग एका दुपारी आई गेली. घर रडत होतं आणि ही भिंतीला टेकून बसली होती. तिलाही रडायचं होतं, पण डोळ्यांत नुसती आग. शेवटी सहन होईना म्हणून तिने पर्समधली बाटली काढून थेंब घातले. नेमकं तेच थोरल्या भावाने पाहिलं.

"आईसाठी बाटलीतलं पाणी काढतेस होय?" दादा म्हणाला, आणि त्यानंतर तो तिच्याशी बोललाच नाही.

तिने फोन केले, डॉक्टरांचे कागद पाठवले. वहिनी दर वेळी फोन उचलून सांगायची, ते झोपलेत. सकाळी झोपलेले, संध्याकाळीही झोपलेले. पाठीवर बसवून तिला शाळेत नेणारा हा भाऊ, आणि त्याने तिला असं कोरडं ठरवावं, याचा तिला मनस्वी संताप यायचा. त्याने एकदा ऐकून घ्यावं, एवढंच तिला हवं होतं.

त्याच सुमारास गिऱ्हाइकांच्या तक्रारी सुरू झाल्या. आधी बेकरीवाला आला. भट्टीपुढे उभा असताना त्याचा नकली डोळा दुपारभर घळाघळा वाहत होता म्हणे. तिने समजावलं की डोळा काढला तरी पाणी तयार करणाऱ्या ग्रंथी शाबूत असतात, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. मग शिलाईवाल्या बाई आल्या. त्यांची तक्रारही तीच आणि दुपारही तीच. आई गेली ती. हिला खटकलं, पण हवेत धूळ असेल म्हणून तिने विषय झटकला.

आज गुरुजी आले. शाळेतून निवृत्त झालेले, शांत गृहस्थ. त्या दुपारी त्यांचाही डोळा असाच वाहिला होता, आणि आज सकाळपासून पुन्हा वाहत होता.

"माझा चांगला डोळा कोरडा आहे," ते म्हणाले. "तुमचा रडतोय."

तिने नकली डोळा काढून घेतला. मागची खोबणी तपासली, तर ती कोरडी होती. डोळा धुतला, नीट पुसला आणि टेबलावरच्या पांढऱ्या टॉवेलवर ठेवला.

खालच्या कडेला एक थेंब जमला आणि टॉवेलवर ओघळला.

तिने पुन्हा पुसला. पुन्हा थेंब जमला.

तिला आधी भीती वाटलीच नाही. आनंद झाला. बघ दादा, रडले होते मी, असं त्याला सांगायचं, इथे आणून दाखवायचं. तिने फोन लावला.

"ताई, त्या दिवशी तुमच्याकडे काय झालं होतं?" गुरुजींनी हळूच विचारलं.

"आई गेली."

"आणि आज?"

"आज काही नाही," ती म्हणाली.

बोलताना तिची नजर कपाटातल्या ट्रेवर गेली. अजून कुणालाच न बसवलेले डोळे तिथे कागदावर मांडलेले होते. खालचा कागद भिजून काळपट झाला होता.

कानाशी दादाच्या फोनची रिंग वाजत होती. ते झोपलेत, एवढं सांगायलाही आज कुणी फोन उचलत नव्हतं.